नॅशनल पार्कातला बघण्याचा कार्यक्रम

मी माझ्या वडिलांना मुलगी दाखवायला नेलं होतं. मुलगी म्हणजे त्रेसष्ट वर्षांची, नागपूरची, निवृत्त मुख्याध्यापिका. ही गोष्ट नाशिकला आमच्या एखाद्या मावशीच्या कानावर गेली असती तर तिने मला फोनवरून उभी सोलली असती, म्हणून इतके दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं. आता सगळं होऊन गेलंय, माझी जी काही शोभा व्हायची ती झालीय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

कारण आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला आगाऊ म्हणाल. आगाऊ मी आहेच, पण कारणही होतं. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटे आणि मी इकडे आयर्लंडमध्ये, लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा आणि रोज बाबा सांगायचे, "मस्त आहे." गेल्या हिवाळ्यात ते चार दिवस तापाने फणफणले होते. चारही दिवस त्यांनी मला "मस्त आहे" सांगितलं आणि मी "बरं, जेवा वेळेवर" म्हणून फोन ठेवला. पाचव्या दिवशी शेजारच्या काकांनी कुरिअरचं पाकीट द्यायला बेल वाजवली, बाबांना दार उघडायला दहा मिनिटं लागली, तेव्हा कुठे मला कळलं. दिवसभर परक्यांच्या आईबापांची छाती तपासणारी मी, आणि माझ्याच बापाला न्यूमोनिया झालेला मला स्क्रीनवर दिसला नाही! त्यानंतर माझी झोप उडाली. त्या घरात दुसरं माणूस हवं, एवढं एकच डोक्यात बसलं.

बाबांना विचारून पाहिलं. इकडे कायमचे या? "तिथे येऊन काय करू, मेंढ्या मोजू?" दिवसभराची बाई ठेवू? "मग तिच्यावर लक्ष ठेवायला आणखी एक बाई ठेव." निदान स्वयंपाकाला तरी कुणी? "मला येतो की." त्यांना वरणभात येतो. चार वर्षं सलग वरणभात. इतक्या लांबून त्यांचं घर चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि त्यातून शेळी पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेली, कुणाच्या बापाचं न ऐकणारी.

मग डब्लिनला मराठी लोकांच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मला एक समदुःखी भेटला. तिथल्याच क्लोनडॉकिन भागात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन जुळ्या मुलींचा बाप. त्याचे वडील जाऊन तीन वर्षं झालेली, आई नागपूरला एकटी. बाथरूममध्ये पाय घसरून तिचा हात मोडला होता आणि तीन आठवडे तिने प्लास्टर कॅमेऱ्याच्या खाली लपवून ठेवलं. हातात तिळगूळ धरून आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. "तुझ्याकडे पण?" "माझ्याकडे पण." पुढचे दोन महिने आमचं फोनवर जे चाललं ते ऐकून माझा नवरा सोफ्यावरून पडायचाच बाकी होता. "आमच्याकडे बीपी आहे, पण गोळीवर व्यवस्थित." "आमच्याकडे शुगर बॉर्डरला. चहा बिनसाखरेचा." "स्वभाव?" "तापट. पण मनात काही नसतं." "आमचं जरा उलटं आहे." बाबांचे सगळे दात स्वतःचे आहेत, हे मी दोनदा सांगितलं.

दोघांनाही आम्ही तीन-तीन महिन्यांच्या व्हिसावर एकाच वेळी इकडे आणलं. आता भेटवायचं कुठे? घरी भेटवलं तर फार औपचारिक. डब्लिनच्या हॉटेलात भेटवलं तर शेजारच्या टेबलावर हमखास कुणीतरी पुण्याचं निघणार. शेवटी मेयो काउंटीतलं समुद्राकाठचं नॅशनल पार्क ठरलं. डब्लिनहून त्याला चार तास, लेटरकेनीहून मला तीन. सकाळी पायवाटेवर फिरायचं, दुपारी तिथल्या जुन्या जमीनदाराची हवेली बघायची, आणि मग पबमध्ये शेकोटीपाशी बसायचं. हे दोघं बोलत बोलत पुढे चालणार, आम्ही दोघं समजूतदारपणे मागे राहणार, समोर अटलांटिक. म्हाताऱ्यांना सांगितलं, सहल आहे, ओळखीचे लोक आहेत. माझा नवरा ड्यूटीवर, माझ्या समदुःख्याची बायको मुलींपाशी घरी. बाबांना परत जायला बारा दिवस उरले होते, त्यामुळे ही एकच संधी होती.

पार्कच्या पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या पाच मिनिटांच्या अंतराने पोचल्या. त्याची आई, म्हणजे काकू, उतरल्या. अबोली रंगाची साडी, त्यावर लेकाचा गुडघ्यापर्यंतचा रेनकोट, पायात पांढरे स्पोर्ट शूज, डोक्याला मफलर. बाबांनी हात जोडले. काकूंनीही जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नमस्कार भाऊ!"

मी काकूंच्या लेकाकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. दोन महिन्यांची मेहनत एका शब्दात पाण्यात! "अगं, नागपूरला सगळ्यांनाच भाऊ म्हणतात," तो माझ्या कानाशी कुजबुजला, "भाजीवाल्याला पण." भाजीवाल्याशी आपण लग्न लावायला निघालो नव्हतो, हे मी तोंडावर आणलं नाही.

त्यानंतरचा घोळ मात्र सर्वस्वी माझा. पार्किंगच्या कडेला लाकडी टेबलं होती. मी डबा काढला. पहाटे चारला उठून कांदे चिरून केलेले पोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. देवाशपथ सांगते, माझ्या मनात काही नव्हतं. सहलीला निघताना हात आपोआप पोह्यांच्या बरणीकडे गेला. "बाबा, काकूंना द्या ना," मी म्हटलं आणि भरलेली प्लेट त्यांच्या हातात दिली.

बाबा प्लेट घेऊन उभे राहिले. त्यांनी पोह्यांकडे पाहिलं. काकूंच्या साडीकडे पाहिलं. मग मी सकाळी बळेच घालायला लावलेल्या स्वतःच्या नव्या निळ्या शर्टाकडे पाहिलं.

"पोहे कुणी केले?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"मी."

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी प्लेट काकूंपुढे धरली. काकूंनी आधी प्लेटकडे बघितलं, मग आपल्या लेकाकडे. "उपमा नव्हता का करता येत?" त्या म्हणाल्या.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली होती. यांना कळलंय की नाही? दोघांचेही चेहरे कोरे. तेवढ्यात समुद्रावरून असा वारा आला की प्लेटमधले निम्मे पोहे उडाले आणि कुठूनसा एक धीट सीगल येऊन ते वेचायला लागला. तिरपा पाऊस सुरू झाला. कुत्रा घेऊन चाललेले एक आजोबा आमच्याकडे बघून म्हणाले, "ग्रँड डे!" बाबा म्हणाले, "ग्रँड, ग्रँड!" आयर्लंडला आल्यापासून त्यांचं सगळं इंग्रजी या एका शब्दावर चाललं होतं आणि खरं सांगायचं तर कुठेच अडलं नव्हतं.

पायवाटेवर आमच्या नियोजनाचे तीनतेरा वाजले. तिथली सगळी जमीन म्हणजे बॉग, वर्षानुवर्षं कुजत साठलेल्या शेवाळाची दलदल. दिसायला हिरवी-तपकिरी कुरणं, प्रत्यक्षात ओला स्पंज. तिच्यावरून चालायला लाकडी फळ्यांची वाट टाकलीय आणि ती वाट एका माणसाच्या रुंदीची आहे. वेबसाइटवरच्या फोटोत हे कळलं नव्हतं. जोडीने बोलत चालणं सोडाच, मान वळवली तरी तोल जाईल. त्यामुळे काकू पुढे, त्यांच्या मागे चार पावलांवर बाबा, आणि आम्ही दोघं वीस पावलं मागे, अशी मुकाट रांग लागली.

वारा समोरून. काकू जे बोलत ते वाऱ्याबरोबर मागे आमच्यापर्यंत स्वच्छ येई. बाबा जे बोलत ते काकूंना अजिबात ऐकू जात नसे. म्हणून बाबा ओरडायला लागले, आणि अटलांटिकच्या साक्षीने, चार मेंढ्यांच्या देखत, मुलाखत सुरू झाली.

"बीपी आहे का, भाऊ?"

"आहे! गोळी घेतो!"

"घोरता का?"

"कोण सांगणार? ऐकायला कुणी नाही!"

"स्वयंपाक येते का?"

"वरणभात!"

"रोज तोच?"

"रोज!"

"बाप्पा!" काकू म्हणाल्या आणि फळीवर क्षणभर थांबल्याच. "ओला टॉवेल कुठे टाकता?"

यावर बाबांनी जे उत्तर दिलं ते वाऱ्याने नेलं, पण काकूंची मान नापसंतीने हललेली आम्हाला मागून दिसली. मला उत्तर माहीत होतं. ओला टॉवेल पलंगावर. आईने त्या टॉवेलवरून बत्तीस वर्षं भांडण केलं होतं. तरीही, आमच्या हाताखालची नवी डॉक्टर मुलं इतकी मुद्देसूद माहिती पेशंटकडून काढू शकत नाहीत, एवढं श्रेय मी काकूंना मनातल्या मनात देऊन टाकलं.

हळूहळू बाबांनाही कंठ फुटला. आजूबाजूला एवढं पाणी बघितल्यावर पाटबंधारे खातं गप्प बसेल कसं? इथला निचरा कसा चुकलाय, दोन चर इकडून आणि एक तिकडून काढले की सगळं कसं कोरडं होईल, वगैरे चालू झालं. काकू "अच्छा?" म्हणत होत्या. एवढ्यात समोरून एक कुटुंब आलं, आईबाप आणि तीन मुलं. फळ्यांच्या वाटेवर मध्ये मध्ये थांबायला रुंद जागा केलेल्या आहेत, ते लोक तिथे थांबणारच होते. पण बाबा पडले सभ्य गृहस्थ. बायकामुलांना वाट द्यायची म्हणून ते फळीवरून बाजूला उतरायला निघाले.

"बाबा, नको!" मी किंचाळले.

"अगं, वर गवत आहे म्हणजे खाली जमीन आहे," ते म्हणाले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

मी धावणार कशी, फळी ओली! काकूंनी मात्र गर्रकन वळून हातातल्या मिटलेल्या छत्रीची मूठ पुढे केली. "धरा! दुसरा पाय खाली टाकायचा नाही! टाकायचा नाही म्हणते ना!" हा आवाज पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर वापरलेला होता. बाबांचा दुसरा पाय हवेतच थांबला. त्या कुटुंबातल्या बापाने काकूंच्या बाजूने कसंबसं सरकत येऊन बाबांच्या काखेत हात घातला, काकूंनी छत्री ओढली, आणि "भच्च" आवाज करून पाय बाहेर आला. बूट आतच राहिला. त्या भोकात वरून पाणी भरलं आणि बूट कुठे होता तेही कळेना.

मला वाटलं, आता भडका उडणार. बाबा एका पायावर, काळ्या चिखलाने माखलेला मोजा लोंबतोय, नवा शर्ट गेला कामातून. काकूंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काढायचे का दोन चर?" बाबा आधी रागाने बघत राहिले आणि मग असे हसायला लागले की त्यांना धरावं लागलं. मी चार वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच क्षणी मी मनात नाशिकचा हॉलही बुक करून टाकला.

माझ्या गाडीच्या डिकीत वॉर्डमध्ये घालायचे, मागून उघडे जांभळे रबरी क्लॉग्ज कायम पडलेले असतात. ते चढवून, टाचा दोन इंच बाहेर, बाबा हवेली बघायला निघाले. हवेलीत माहिती सांगायला एक गोड बाई होत्या. त्यांनी क्लॉग्ज बघितले, काकूंची साडी बघितली आणि कौतुकाने विचारलं, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली? काकू शांतपणे म्हणाल्या, "वी मेट टुडे मॉर्निंग." "फेअर प्ले टू यू!" बाई म्हणाल्या, म्हणजे इकडचं ‘शाब्बास’, आणि त्यांनी खरोखर टाळी वाजवली.

हवेली प्रचंड. चोवीस माणसांचं जेवणाचं टेबल, भिंतीवर नाक वर केलेल्या पूर्वजांच्या तसबिरी, नाचायला वेगळं दालन. सगळ्यात शेवटी बाईंनी आम्हाला स्वयंपाकघराजवळची एक लहानशी खोली दाखवली. घराण्यातला शेवटचा मालक म्हणे तिथे राहायचा. एकटाच. एक लोखंडी पलंग, एक किटली, एक रेडिओ. बाकीच्या सगळ्या खोल्या बंद. गरम करायला परवडत नव्हत्या आणि तसंही कुणासाठी उघडायच्या?

बाबा दाराशीच थांबले. किटलीकडे बघत होते.

"मी पण हेच करून राहिले ना," काकू म्हणाल्या. "तीन खोल्या आहेत. पंखा एकाच खोलीत फिरते."

"माझी गॅलरी उघडून वर्ष झालं," बाबा म्हणाले.

आम्ही दोघं मागे उभे होतो. गॅलरी? आईच्या कुंड्या होत्या तिथे. व्हिडिओ कॉलवर मी रोज विचारायचे, झाडांना पाणी घातलं का? आणि ते रोज हो म्हणायचे. त्याने माझी बाही ओढली, "चल, आपण किचन बघू," आणि आम्ही तिथून सटकलो.

किचनच्या खिडकीतून मागची बाग दिसत होती. उंच भिंतीआडच्या त्या बागेत वारा नव्हता. बाकावर हे दोघं बसलेले. पाऊण तास! मी आणि तो तांब्याच्या पातेल्यांआडून बघत होतो. एकदा काकूंनी रुमालाने डोळे पुसले, एकदा बाबांनी हातवारे करून काहीतरी सांगितलं, बहुतेक धरण. मग दोघांनी आपापले फोन काढले, चष्मे चढवले आणि एकमेकांना दाखवून दाखवून काहीतरी टाइप केलं.

"नंबर!" त्याने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. "नंबर घेतायत! आणि तुझ्या लक्षात आलं का? मघापासून भाऊ म्हणणंही बंद आहे!"

"शुभं भवतु," मी म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, याची तेव्हा कुणी आठवण करून द्यायला हवी होती.

पबमध्ये शिरलो तेव्हा चार वाजले होते. गावातल्या चार पुरुषांनी माना वळवल्या आणि परत आपापल्या ग्लासात घातल्या. शेकोटीत पीट जळत होतं, त्याच बॉगमधून कापून वाळवलेलं. बाबा म्हणाले, "माझा बूट पण एक दिवस इथेच येणार." त्यांनी एक क्लॉग आणि ओला मोजा काढला, तेव्हा मालकाने न विचारता तो मोजा चिमट्याने उचलून शेकोटीच्या कठड्यावर टाकला. काकूंनी चहा मागवला. बाबांनी माझ्याकडे न बघता अर्धा ग्लास काळी बिअर मागवली. माझ्यासमोर पहिल्यांदा! मी आणि तो सूप घेऊन, पोरं रिझल्टच्या दिवशी बसतात तसे बसलो.

काकूंनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "हं. सांगा. कसा झाला कार्यक्रम?"

"कुठला कार्यक्रम, आई?"

"मला साडी नेसायला लावली. यांना नवीन शर्ट. इतक्या दुरून आणून कांदेपोहे खाऊ घातले. अन् कुठला कार्यक्रम म्हणून विचारते!"

झालं. पितळ उघडं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, "पोहे हिने आणले!" असा सहकारी देव शत्रूलाही न देवो.

"आमचं दोघांचं बोलणं झालं आहे," काकू म्हणाल्या. "नाही." आणि मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "अकरा वर्षं तुझ्या बाबांचं आजारपण काढलं मी. मनापासून काढलं. पण आता सकाळी उठलं की कोणाची गोळी नाही, कोणाचं पथ्य नाही. मले सुटल्यासारखं वाटते रे. तुले सांगायची लाज वाटते, म्हणून नाही सांगितलं."

तो आईच्या हातावर हात ठेवून बसला.

"बरोबर आहे, अगदी बरोबर," बाबा म्हणाले, आणि ते इतक्या लगबगीने म्हणाले की काकू त्यांच्याकडे वळल्या. "एवढं हायसं वाटलं का तुमाले?" बाबा बिअरमध्ये ठसकले.

"पण एक ठरलंय," ठसका थांबल्यावर ते म्हणाले. "रोज सकाळी सातला मी यांना मिस्ड कॉल देणार आणि या मला देणार. दोन रिंग. उचलायचा नाही. साडेसातपर्यंत आला नाही, तर यांनी आमच्या शेजाऱ्यांना फोन करून दार वाजवायला सांगायचं. यांचा नाही आला तर मी यांच्या खालच्या मजल्यावर कळवायचं. नंबर घेऊन ठेवलेत."

मला आनंद व्हायला हवा होता. चार दिवस तापात पडून राहायचा प्रश्न सुटला होता, आणि मला हवा होता त्यापेक्षा कितीतरी सोप्या रीतीने सुटला होता. पण मला राग आला. असला राग आला की चमचा टेबलावर आपटला.

"आणि मी? मी कोण आहे? मिस्ड कॉल मला का नाही द्यायचा?"

"तुझ्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात गं."

"मी जागी असते! अर्ध्या वेळा तर ड्यूटीवर असते! परक्या बाईंना रोज कॉल, आणि पोटच्या पोरीला नाही?" काउंटरवरचे चौघे वळून बघायला लागले. बघू देत! मराठीत भांडण्याची हीच तर सोय आहे.

बाबांनी ग्लास बाजूला सरकवला. "तुला एक दिवस कॉल आला नाही तर तू विमान पकडशील. सुट्टी टाकशील, नोकरी घालवशील, येऊन माझ्यावर चिडशील आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडशील. मला माहितीये ना. म्हणून तुला मला रोज चांगलंच सांगावं लागतं. यांना मी सांगू शकतो, आज बरं नाही. या म्हणतील, गोळी घ्या अन् पडून राहा." त्यांनी शेकोटीवरच्या मोज्याकडे पाहिलं. "अंगात ताप असताना तुझ्यासमोर बसून 'मस्त आहे' म्हणायला फार दम लागतो गं."

त्या चार दिवसांत ते कॉट सोडून खुर्चीत येऊन बसत होते, फक्त माझ्यासाठी, आणि मी फोन ठेवला की परत जाऊन पडत होते. त्यांचा ताप माझ्यामुळे नव्हता, पण तेवढी ऊठबस माझ्यामुळे होती.

"आणि तू तरी?" बाबा म्हणाले. "तू पण रोज मस्तच असतेस की."

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि भर पबमध्ये हमसून रडायला लागले. तो टिश्यू शोधायला उठला. "राहू दे, रडू दे तिले," काकूंनी त्याला खाली बसवलं.

"बाबा, मी परीक्षेत नापास झालेय," मी म्हटलं. "मोठी परीक्षा, जिच्यावर इथली पुढची नोकरी आहे ती. दुसऱ्यांदा. फेब्रुवारीत. तुम्हाला सांगितलं नाही."

"दुसऱ्यांदा?"

"पहिल्यांदाचंही नाही सांगितलं."

बाबा एका पायात क्लॉग आणि एका पायाने अनवाणी, बाकावर सरकले आणि त्यांनी शेजारी मला जागा केली.

"बस इथे," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."